निर्मनुष्य बेटांचा इतिहास

मराठी वाचकाच्या मनात अंदमान म्हणजे एक इमारत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेले सात भुजांचे कारागृह, त्यातल्या एकाकी कोठड्या, कोलू, काथ्याकूट आणि बारी नावाचा बंदिपाल. १९२७ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘माझी जन्मठेप’ने हे चित्र आपल्या वाङ्मयीन स्मृतीत इतके खोल कोरले आहे की, त्या भिंतीपलीकडेही अंदमान आहे, त्यालाही इतिहास आहे, याचे भान आपल्याला सहसा राहत नाही. आज अंदमानला जाणारा मराठी प्रवासी पहिल्या दिवशी त्या कोठडीपुढे नतमस्तक होतो आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायला जातो. पहिला दिवस इतिहासाचा आणि दुसरा निसर्गाचा, अशी ही वाटणी. ती कोणी केली आणि ती कितपत खरी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या दिवसाचे ते ठिकाण म्हणजे वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतची पंधरा बेटे आणि त्यांच्यामधल्या खाड्या मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १९८३ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. प्रवाळाचे खडक, समुद्री कासवांच्या विणीच्या जागा आणि कांदळवने यांचे रक्षण हा त्यामागचा हेतू. उद्यानातली बहुतेक बेटे पर्यटकांना बंद असतात. वर्षाच्या एका भागात जॉली बॉय आणि दुसऱ्या भागात रेड स्किन, अशी दोनच बेटे आलटून-पालटून उघडी ठेवली जातात. तिथे वस्ती नाही, रात्रीचा मुक्काम नाही. वांडूरच्या धक्क्यावर सामान तपासले जाते, प्लास्टिक काढून घेतले जाते, आणि मगच मचवा खाडीतून बाहेर पडतो. बेटावर आपली कोणतीही खूण मागे राहू नये, हा इथला पहिला नियम. नियम चांगलाच आहे. परंतु ज्या बेटांवर आज माणसाची खूण शोधूनही सापडत नाही, तिथे ती कधीच नव्हती काय, हा प्रश्न धक्क्यावरचा फलक विचारत नाही.

धक्क्याचे नाव

प्रारंभ ‘वांडूर’ या शब्दापासूनच करू. ज्या शहरातून आपण निघतो, ते पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नामांतर श्री विजयपुरम असे झाले. तिथून सुमारे तीस किलोमीटरच्या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास मंजेरी, कालिकत, तिरूर अशी गावे आहेत. ही सर्व नावे केरळातील मलबारची, आणि वांडूरही त्यांतलेच. १९२१ च्या मोपला उठावानंतर शिक्षा झालेले अनेक कैदी अंदमानात आणले गेले. त्यांच्यातले काही कुटुंबांसह इथेच वसले आणि त्यांनी आपल्या नव्या वस्त्यांना सुटलेल्या गावांची नावे दिली. हद्दपार माणसाने आपल्याबरोबर आणलेली ही एकमेव मालमत्ता. तेव्हा निसर्गाच्या दारावर उभे असतानाच आपण एका शिक्षेच्या इतिहासाचे नाव उच्चारत असतो.

मचवा पुढे गेला की नावांची जात बदलते. जॉली बॉय, रेड स्किन, ग्रब, स्नॉब, चेस्टर, बेल, बोट, मलय, प्लूटो, अलेक्झांड्रा, हॉबडे. ‘जॉली बॉय’ ऐकून आपल्याला एखादा आनंदी मुलगा आठवतो; मूळ शब्द मात्र खलाशांचा, समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवतात त्या बोयाचा. या संपूर्ण बेटसमूहाला इंग्रजांनी लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया, असे नाव दिले. दर्यावर्द्यांच्या नजरेतून पाहिले तर ते यथार्थ आहे. पण भूलभुलैया कोणासाठी? ज्याला वाटा ठाऊक नाहीत त्याच्यासाठी. जो तिथेच जन्मला, त्याला आपले अंगण भूलभुलैया वाटत नाही.

ही नावे सावकाश जमा होत गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या नाविक दलातील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने १७८८–८९ मध्ये या किनाऱ्यांची पाहणी केली आणि १७८९ साली पहिली वसाहत उभी राहिली. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५७ च्या उठावानंतर बंदिवानांसाठी जागा शोधताना सरकारने डॉ. मूआट याच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली; तिला घेऊन आलेल्या आगबोटीचे नाव प्लूटो होते. पुढे १८८३ ते १८८६ या काळात या बेटांची तपशीलवार मोजणी झाली. ती करणारा अधिकारी हॉबडे. राष्ट्रीय उद्यानाची घोषणा या मोजणीच्या आरंभानंतर बरोबर शंभर वर्षांनी झाली. उद्यानाची हद्द ज्या बेटांवरून आखली, ती बेटे कागदावर आधीच इंग्रजी नावांनी रेखलेली होती.

पूर्वेकडच्या रिची द्वीपसमूहात तर याहून कठोर विनोद झाला. हॅवलॉक, नील, आउटरम, निकल्सन हे १८५७ चा उठाव मोडून काढणारे सेनानी. त्यांची नावे बेटांना दिली गेली, आणि त्याच उठावातले कैदी शेजारच्या बेटावर बेड्या घालून उतरविले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. जानेवारी २०२३ मध्ये एकवीस अनाम बेटांना परमवीरचक्रविजेत्यांची नावे मिळाली. पुढच्याच वर्षी पोर्ट ब्लेअरचेही नाव बदलले. पराभूताने आपला नकाशा परत मिळवावा, यात गैर काहीच नाही. मात्र या तिन्ही फेऱ्यांत एकही नाव असे आलेले नाही, जे इंग्रजांच्या आधी या पाण्यावर होड्या चालविणाऱ्यांच्या भाषेतले आहे.

ज्यांचे हे अंगण होते

ते लोक म्हणजे अका-बिया. ‘ग्रेट अंदमानी’ या सर्वसाधारण नावाखाली इंग्रजांनी ज्या दहा जमाती नोंदविल्या, त्यांतली ही दक्षिणेकडची. दक्षिण अंदमानचा बराचसा किनारा, लॅबिरिंथ बेटे आणि रटलंड बेटाचा मोठा भाग त्यांच्या वावराचा होता. ई. एच. मॅन या अधिकाऱ्याने त्यांच्यातला एक भेद नोंदविला आहे: ‘आर्योतो’ म्हणजे किनाऱ्यावरचे आणि ‘एरेमतागा’ म्हणजे रानातले. आज पर्यटक काचेतून पाहतात ते उथळ, प्रवाळाचे पाणी या आर्योतोंचे शेत होते. कोरून काढलेल्या होडीच्या नाळेवर उभे राहून ते कासव आणि समुद्रगाय भाल्याने टिपत. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून शिंपले गोळा करीत. शिंपल्यांची टरफले, रानडुकरांची हाडे आणि मातीच्या भांड्यांचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी टाकले गेल्याने उंच ढिगारे तयार झाले. दक्षिण अंदमानातील चौलदारी येथील अशा एका ढिगाऱ्याचा काळ सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातो. लिखित शब्द नसलेल्या समाजाचा हाच दफ्तरखाना.

मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर दोनशे बंदिवानांसह उतरला, आणि त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत हा समाज संपला. त्याची कथा युद्धापेक्षा आजाराची अधिक आहे. मे १८५९ मध्ये अंदमानींनी वसाहतीवर मोठा हल्ला केला. तो फसला, कारण त्यांच्यात वर्षभर राहिलेला दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी आधीच परत फिरला होता आणि त्याने इंग्रजांना सावध केले होते. या दूधनाथाची गोष्ट कादंबरीकाराला मोह पाडील अशी आहे. तो शिपाई होता, बंडवाला होता, पळून गेला, ज्यांनी त्याला जिवंत ठेवले त्यांच्यातच त्याने संसार मांडला, आणि अखेर ज्यांनी त्याला हद्दपार केले त्यांच्याकडे जाऊन त्याने आपली सुटका विकत घेतली. त्याला माफी मिळाली. ‘बंदी’ आणि ‘बंदी करणारा’ एवढीच दोन पात्रे घेऊन अंदमानचा इतिहास लिहिता येत नाही, हे दाखवायला हा एक माणूस पुरेसा आहे.

१८६३ पासून सरकारने ‘अंदमान होम्स’ काढली. अन्न, वस्त्र, तंबाखू देऊन या लोकांना माणसाळवावे, असा उद्देश. दाटीवाटीने एकत्र आणलेल्या, बाहेरच्या रोगांची ओळख नसलेल्या शरीरांत सिफिलिस शिरला आणि १८७७ च्या गोवराच्या साथीने उरलेसुरले कंबरडे मोडले. १९०१ च्या जनगणनेत दहाही जमाती मिळून सहाशे पंचवीस माणसे उरली होती. १९६१ मध्ये एकोणीस.

आता एक नोंद, जी आपल्याला मुंबईत आणते. मॅनने अनेक वर्षे खपून तयार केलेला अका-बिया भाषेचा शब्दकोश १९२३ साली मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये छापला गेला. सावरकर दोनच वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, अंदमानातून परतले होते आणि त्यांचे अनुभवकथन लवकरच मराठीत येणार होते. एकीकडे अंदमानच्या यातनेला मराठीत भाषा मिळत होती, आणि त्याच सुमारास मुंबईतच अंदमानच्या एका भाषेचे खिळे जुळत होते. तो कोश वापरणारे कोणी फारसे उरलेच नव्हते. कोश सामान्यतः बोलणाऱ्यांसाठी किंवा शिकणाऱ्यांसाठी करतात. हा अवशेषांची यादी ठरला. साहित्याच्या अभ्यासकाने या दोन पुस्तकांकडे एकत्र पाहावे, असे मला सुचवायचे आहे.

उद्यानाच्या आग्नेयेला रटलंड बेट आहे. त्याच्या अंतर्भागात जांगिल नावाची आणखी एक जमात राहत असे. इंग्रजांशी त्यांनी संबंध जवळजवळ ठेवलाच नाही. १९०७ नंतर ते प्रत्यक्ष कोणाला दिसल्याची नोंद नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचा शोध घेतला गेला तेव्हा ते बेटावर नव्हते. त्यांच्या भाषेचा तर कोशही नाही.

समुद्र: भिंत की वाट

या पार्श्वभूमीवर आपल्या वाङ्मयातला समुद्र पुन्हा वाचायला हवा. समुद्रोल्लंघनाने जात जाते, ही जुनी धारणा ‘काळे पाणी’ या शब्दात होती. इंग्रजांनी ती भीती हिशेबात धरून तिची शिक्षा केली. पुढे तो शब्द बेटाचेच नाव झाला. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सावरकरांनी सागराला उद्देशून लिहिलेल्या कवितेत समुद्र हा ताटातुटीचा साक्षीदार आणि अपराधीही आहे. सेल्युलर कारागृहात तो भिंतीबाहेरची आणखी एक भिंत होतो. ‘माझी जन्मठेप’मध्ये बेटांची आणि तिथल्या रहिवाशांची माहिती येत नाही असे नव्हे. ‘काळे पाणी’ या कादंबरीत तर अरण्यातले आदिवासी कथानकातच येतात. तरीही वाचकाच्या मनात जे उरते, ते बंदिवानाचे अंदमान. लेखकाला त्याचा दोष देता येणार नाही. कोलूला जुंपलेल्या माणसाने प्रवाळाचे सौंदर्य वर्णावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. दोष असलाच तर तो आपल्या वाचनाचा आहे: एका साक्षीदाराची साक्ष आपण संपूर्ण खटला समजून बसलो.

कारण तेच पाणी अका-बियांना भिंत नव्हते, वाट होते. १८५८ चे कैदी उत्तरेकडे चालत गेल्यास ब्रह्मदेश लागेल या आशेने रानात शिरले. त्यांतले कित्येक उपासमारीने किंवा बाणांनी मेले, आणि पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फाशी दिले. एकच भूगोल, एकाला तो घर वाटतो, दुसऱ्याला सापळा. काळे पाणी काळे ठरते ते कोण कुठून पाहतो यावरून.

रक्षण कोणाचे

प्रवाळ हा वस्तुतः सूक्ष्म प्राण्यांचा समाज आहे. प्रत्येक पिढी चुन्याचे घर बांधते, आणि जुन्या घरांवर नवी घरे चढत खडक वाढतो. या प्राण्यांच्या शरीरात राहणारी शैवाले त्यांना अन्नही देतात आणि रंगही. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक काळ तापून राहिले की, हे सहजीवन तुटते, शैवाले बाहेर पडतात आणि खडक पांढराफटक होतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत अंदमानच्या प्रवाळाने हे भोगले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ एक मीटर खचली, आणि उत्तरेकडे काही ठिकाणी ती उचलली जाऊन प्रवाळाची मैदाने उघडी पडून मेली. वांडूरच्या किनाऱ्यावर मुळांसकट कोसळलेले प्रचंड वृक्ष हे त्या दिवसाचेच अवशेष. भूशास्त्रज्ञ अशा जुन्या प्रवाळांच्या वार्षिक थरांवरून जमीन कधी खचली, कधी वर आली, हे शेकडो वर्षे मागे जाऊन वाचू शकतात. प्रवाळ स्वतःच एक बखर आहे. तिचे जतन व्हायलाच हवे, आणि प्लास्टिकवरील बंदी हा जाच नसून सौजन्य आहे, याविषयी दुमत नसावे.

प्रश्न आहे तो ‘अस्पर्श’ या शब्दाचा. या संदर्भात आपल्या मालवणचे उदाहरण बोलके आहे. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. हा समुद्र आमच्या पोटाचा आहे, तुमच्या रेषेने आम्ही कुठे जायचे, असे विचारायला तिथे माणसे होती. त्या विरोधामुळे संवर्धन अवघड झाले असेल. परंतु संवर्धनाला उत्तर द्यावे लागले, हेही खरे. वांडूरलाही मासेमारी बंद झाली आणि नंतर येऊन वसलेल्यांना तिची झळ लागलीच. परंतु ज्यांचा या खाड्यांवर हजारो वर्षांचा हक्क होता, त्यांच्यापैकी हरकत घ्यायला कोणी उरलेच नव्हते. बेटे रिकामी होती म्हणून उद्यान सुलभ झाले, आणि ती रिकामी का होती हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. निसर्ग म्हणून आपण जे पाहतो, त्यातला काही भाग वसाहतवादाने मागे ठेवलेली शांतता आहे.

याच क्षितिजावर त्याचा दुसरा पाठही आहे. वांडूरपासून सुमारे छत्तीस किलोमीटर पश्चिमेला उत्तर सेंटिनेल बेट आहे. १८८० मध्ये पोर्टमन या अधिकाऱ्याने तिथून एक वृद्ध जोडपे आणि चार मुले पकडून आणली. वृद्ध जोडपे आजारी पडून मेले. मुलांना भेटवस्तूंसह परत सोडण्यात आले. त्यानंतर हे लोक बाहेरच्यांना का फिरकू देत नाहीत, याचे कोडे पडण्याचे कारण नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाने ते बेट बाहेरच्यांसाठी बंद आहे. म्हणजे दक्षिण अंदमानच्या या एकाच टोकाला दोन निषिद्ध पाणी शेजारी-शेजारी आहेत: एक प्रवाळ वाचविण्यासाठी, एक माणसे. एकात माणसे उरली नाहीत आणि दुसऱ्यात उरली, याचे मुख्य कारण असे की, दुसऱ्यांनी आपल्याला किनाऱ्यावर उतरू दिले नाही. ‘होम्स’मध्ये गेलेल्यांच्या नशिबाशी तुलना केली, तर त्यांच्या बाणांमागचा विवेक समजतो.

मग प्रवाशाने काय करावे? जाऊ नये, असे मुळीच नाही. प्रवाळ पाहावा, कोठडीपुढेही उभे राहावे. फक्त इतिहासाचा दिवस आणि निसर्गाचा दिवस ही वाटणी मोडावी. वांडूर म्हणताना मलबारचे हद्दपार आठवावेत. हॉबडे म्हणताना मोजणीची साखळी आठवावी. आणि अध्यापकांनी ‘माझी जन्मठेप’ शिकविताना, १९२३ मध्ये मुंबईत छापलेल्या त्या शब्दकोशाचाही उल्लेख एकदा वर्गात करावा. एका पुस्तकात अंदमानात कोंडलेल्याचा आवाज आहे. दुसऱ्यात अंदमानातून पुसल्या गेलेल्यांचे नुसते शब्द आहेत, वाक्यात बसवायला कोणी नसलेले. पहिले आपण मनापासून वाचले. दुसऱ्याची ओळख करून घेणे हे त्या पहिल्या वाचनाचेच राहिलेले काम आहे.